नवीला खिळा नसतो

"मावशी, इथून सगळ्यात लवकर कोण पळालं?"

प्रश्न तोंडातून सुटला आणि बाकावरच्या सगळ्या सुऱ्या जागच्या जागी थांबल्या. कामाला हात लावून अजून घामही नीट फुटला नव्हता, आणि ही पोरगी मुकादमिणीला विचारते काय, तर पळण्याचं!

दोष एकट्या टकळीचा नव्हता. आदल्या संध्याकाळी पाण्याच्या टाकीपाशी भोपळी आणि चष्मेवाली या तिच्या दोघी मैत्रिणींनी तिला चांगलंच चढवलं होतं. "तू काय विचारणार! तुझ्या तोंडाची नुसती वाफ," भोपळी म्हणाली होती. चष्मेवालीनं तर पैजच मारली. "विचारलंस तर तुझा सुट्टीतला निबंध मी लिहून देते. समासासकट!" टकळीचं तोंड उठल्यापासून निजेपर्यंत चालायचं म्हणून तिचं नाव टकळी, पण निबंध काही केल्या पहिल्या ओळीच्या पुढे सरकत नसे. तेव्हा विचारलं. होऊन जाऊ दे!

मुकादमिणीनं दातात धरलेली प्लास्टिकची पट्टी हातात घेतली. अंगानं थोराड, डोक्याला रुमाल, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. तिनं टकळीला खालून वर पाहिलं.

"होती एक," ती म्हणाली. "हात धुऊन येते म्हणून गेली. अजून धुतेय."

अख्खा बाक हसून डोलला. टकळीही हसली.

"बाकीच्या?"

"बाकीच्या जेवणाच्या सुट्टीत पळतात. तेव्हा नाही पळाल्या तर हात सुजले की पळतात. त्याच्या पुढं कुणी पळत नाही."

"का? कामाची गोडी लागते?"

"पळायचं असतं हेच आठवत नाही," मुकादमीण म्हणाली. "चल, पट्टी ओढ. कलम हातानं बांधायचं असतं, तोंडानं नाही."

पुन्हा हशा. पण या खेपेला टकळीला हसू आलं नाही. कारण ती ज्या जागेवर बसली होती ती तिच्या आईची जागा होती, आणि आईला पळायचं कधी आठवल्याचं टकळीनं ऐकलं नव्हतं.

फळझाडांच्या कलमांची ती रोपवाटिका. वर हिरवी जाळी, खाली मातीच्या पिशव्यांतून उभी असलेली रोपं, आणि मधोमध एक लांबलचक लाकडी बाक. बाकावर जोडीजोडीनं बायका. एक कापणारी, एक बांधणारी. कापणारी खालच्या रानटी रोपाचा शेंडा उडवायची, उरलेल्या खुंटाला मधोमध चीर द्यायची आणि चांगल्या झाडाची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची. मग बांधणारीनं प्लास्टिकची पट्टी घेऊन तो जोड करकचून आवळायचा. इतका, की आत वारा शिरता कामा नये.

आई बांधणारी होती. करकचून आवळता आवळता तिच्या उजव्या हाताची बोटं बधिर झाली. आधी मुंग्या, मग कळा, मग काहीच नाही. दवाखान्यातल्या बाईंनी मनगटाला फळी बांधून दिली आणि विश्रांती घ्या म्हणून सांगितलं. पण बाकाचा नियम साधा होता: रिकामी जागा रिकामी राहत नाही. घरात दुसरं कुणी कमावत नव्हतं. म्हणून शाळेला सुट्टी लागताच आईच्या जागी टकळी आली. आईचा हात बरा होईपर्यंत, असं ठरलं. शाळा उघडेपर्यंत, असं टकळीनं मनात ठरवलं. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी व्हायला हव्यात एवढीच काय ती अडचण होती.

आल्या आल्या तिनं पहिली चूक केली होती. बाकाच्या मागं लाकडी खांब होता, त्यावर खिळ्यांची ओळ. प्रत्येकीचा डबा आपापल्या खिळ्याला. एका खिळ्यावर आईचं हात पुसायचं निळं फडकं लटकत होतं. टकळीनं मोठ्या हक्कानं त्यावर आपला डबा अडकवला. मुकादमिणीनं तो काढून खाली मातीत ठेवला.

"तो आईचा आहे माझ्या."

"म्हणूनच काढला. तो तिचा. तू नवी. नवीला खिळा नसतो."

नवीला नावही नसायचं. बाकाची ती रीतच होती. पुढची नवी येईपर्यंत तुला 'नवी' म्हणणार. "नवी, पाणी आण." "नवी, तुझी गाठ सुटली." "नवी, तुझं तोंड सुटलं." जेवणाच्या सुट्टीत तिनं डबा उघडला तर आत मुंग्या. बायका आपापले डबे खिळ्यावरून काढून सावलीत पसरल्या होत्या आणि हळूच हिच्याकडे बघत होत्या. ही आता जाते की राहते?

टकळीनं एकेक मुंगी वेचून काढली. मग कंटाळली आणि तशीच जेवली.

"मुंग्यांनी डोळे सुधारतात म्हणे," ती मोठ्यानं म्हणाली. "शाळेत फळ्यावरचं लांबून दिसेल."

एक म्हातारी फसकन हसली आणि तिनं आपल्या डब्यातली लोणच्याची फोड टकळीपुढे सरकवली. जेवणाची सुट्टी अशी पार पडली.

तिची कापणारी जोडीदारीण म्हणजे मुकी काकू. मुकी नव्हती, पण दिवसभरात चार शब्द बोलली तर बाकावर चर्चा व्हायची. मुकादमिणीनं नेमकं तिलाच टकळीच्या शेजारी आणून बसवलं होतं, तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसं. काकू खुंट पुढं करी, टकळी आवळी. काकूच्या गुडघ्यापाशी कापलेल्या शेंड्यांचा ढीग वाढत जाई. वर ऊन जाळीतून गाळून खाली येई, पण ऊन ते ऊनच. मान भाजायची. मांड्यांना बाकाचे वळ उठायचे. पट्टी ओढताना ती तर्जनीच्या पेरात रुतायची, आधी लाल रेघ, मग चीर. चिरेत माती गेली की डोळ्यांसमोर काजवे.

आणि मग हात सुजले. सकाळी उठली तर मूठ मिटेना. वेणी घालायला गेली तर कंगवा हातातून सुटून पडला. आई चुलीपाशी डाव्या हातानं पाणी तापवत होती. तिनं टकळीचे दोन्ही हात कोमट पाण्याच्या पातेल्यात धरले. टकळीनं पाहिलं, पाण्यात आईच्या उजव्या हाताची बोटं तिच्या बोटांवर नुसती टेकली होती. दाबत नव्हती. दाबता येत नव्हतं.

"माझा आता बराच हलका झालाय," आई म्हणाली. "तुझी शाळा उघडली की मी आलेच जागेवर."

"नक्की?"

"म्हणजे काय! कालच मी गाठ मारून पाहिली."

ती गाठ टकळीनं पाहिली होती. चमच्याला दोरा गुंडाळून आई बसली होती, आणि शेवटचं टोक दातानं ओढत होती.

बाबा उंबऱ्यावर बसून हे ऐकत होते. त्यांची पहार दारामागं उभी होती, तिला जाळं लागलं होतं. बाबा विहिरी खोदायचे. त्यांना विहिरीत उतरताना बघायला लोक काठावर गोळा व्हायचे. पण गेल्या दोन उन्हाळ्यांत पाणी इतकं खोल गेलं की माणसाच्या पहारीला ते सापडेना. मग यंत्राची गाडी आली. जे काम बाबांना उन्हाळाभर पुरायचं ते तिनं दिवसभरात उरकलं, आणि वरून सगळ्या गल्लीवर धूळ उडवून गेली. बाबांनी रोपवाटिकेत माती वाहायचं काम मागून पाहिलं, पण पुरुषांच्या त्या टोळीत जागा नव्हती. जागा होती ती बाकावर. आई एकदा हसत हसत बोलून गेली होती, "मग तुम्हीच बसा की माझ्या जागी." बाबा तिथून उठले ते थेट जुन्या विहिरीच्या काठावर जाऊन बसले, आणि जेवायलाही आले नाहीत. तो विषय मग घरात कुणी काढला नाही.

"शाळा काही पळून जात नाही," बाबा उंबऱ्यावरून म्हणाले. "आठ-पंधरा दिवस उशिरा गेली तरी चालतं."

"शाळा पळत नाही बाबा, पण धडे पळतात."

"तोंड बघा पोरीचं," बाबा म्हणाले, पण त्यांनी मान वळवली.

त्या दिवशी ती पळाली नाही. का पळाली नाही हे तिलाच नीट सांगता आलं नसतं. पैज संपली होती, निबंध चष्मेवालीनं लिहायला घेतला होता. पण सुजल्या हातानं ती बाकावर बसली तेव्हा म्हातारीनं तिच्या तर्जनीला जुन्या फडक्याची चिंधी बांधून दिली आणि म्हणाली, "नवी टिकणार बरं का!" टकळीला ते असं काही गोड लागलं, की दिवसभर ती कुणाशी वाकड्यात बोलली नाही.

संध्याकाळी घरी ती सराव करायची. सरपणातल्या दोन काटक्या एकीला एक लावायच्या आणि रोपवाटिकेतून आणलेली फाटकी पट्टी गुंडाळायची. तिची गाठ जरा वेळानं ढिली पडायची. बाबा उंबऱ्यावरून बघायचे, मान फिरवायचे, परत बघायचे. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"आण इकडं. ही काय गाठ म्हणायची? हिच्यावर मांजरसुद्धा विहिरीत उतरणार नाही."

त्यांनी पट्टी घेतली. जाड, भेगाळलेली बोटं, त्यातलं एक दगडाखाली सापडून चपटं झालेलं. टकळीला वाटलं, काटकी मोडणार. पण पट्टी त्या बोटांतून पाण्यासारखी फिरली. एकावर एक वेढा, कुठं सुरकुती नाही, शेवटचं टोक आतल्या आत गेलं आणि बाबांनी हलकेच ओढलं.

"सोड आता."

टकळीनं नखं लावली, दात लावले. गाठ जागची हलली नाही.

"विहिरीत माणूस लोंबकळतो गाठीवर," बाबा म्हणाले. "तिनं माणसाला धरायचं असतं, दोराला कापायचं नसतं."

आई बघत होती. तिनं आपला उजवा हात सावकाश पदराखाली घेतला.

टकळीच्या मनात एक प्रश्न टोचत राहिला. आईचा हात खरंच बरा होणार का? विचारायचं कुणाला? आई खरं सांगणार नाही, बाबांना ठाऊक नाही. पण एक जागा होती जिथं उत्तर मिळण्यासारखं होतं. आईनं घरी बसण्याआधी बांधलेली शेवटची ओळ जाळीच्या पार टोकाला, इतरांच्या मागं ठेवलेली होती. आईनं ती नीट आवळली असेल, तर हात तोवर धड होता. मग तो परत धड होईल. असा टकळीनं आपल्यापुरता हिशेब मांडला. कलमाची पट्टी मुकादमिणीनं सांगितल्याशिवाय सोडायची नाही, हे तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण धीर धरणं आणि टकळी यांचं कधी जमलं होतं?

दुपारी बायका सावलीत आडव्या झाल्या तेव्हा ती टोकाला गेली. पहिलंच रोप घेतलं. पट्टी सोडली. आतला जोड हिरवा होता, ओला होता. चिरेच्या कडेला पांढुरक्या गाठीसारखं काहीतरी भरून येत होतं. धरलं होतं! टकळीला नाचावंसं वाटलं. तिनं नीट बघायला काडीला बोट लावलं, आणि काडी टचकन निघून तिच्या हातात आली.

मागं किल्ल्यांचा आवाज झाला.

मुकादमीण ओरडली नाही. तिनं टकळीच्या हातातली काडी घेतली, फिरवून पाहिली.

"हे जगणार होतं," ती म्हणाली.

"मला फक्त बघायचं होतं..."

"ते कळलं. बाकीच्यांना हात लावू नकोस. त्यांचं त्यांना ठरवू दे."

टकळीला एक शिवी चालली असती, एक थोबाडीत चालली असती. हे चाललं नाही. दिवसभर तिचं तोंड बंद राहिलं, इतकं की बाकावर कुणीतरी विचारलं, "आज दोन मुक्या झाल्या काय गं?"

शाळा उघडायला थोडेच दिवस राहिले तेव्हा मुकादमीण टोकाची ओळ सोडायला बसली. टकळीला तिनं मुद्दाम बरोबर घेतलं. एकेक पट्टी उलगडत गेली. पहिली काही कलमं तरारली होती. मग एक काळं पडलेलं. मग दोन. आणि त्यापुढं सगळ्या काड्या काळ्या, वाळून कोळसा झालेल्या. पट्टी बोटानं सरकावी तशी सरकत होती. वाराच काय, मुंगी आत जाऊन बाहेर आली असती. शेवटच्या काही पट्ट्यांच्या टोकांवर दातांच्या खुणा होत्या.

टकळीनं त्या खुणांवरून बोट फिरवलं.

"तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"म्हणून तर मागं ठेवली ओळ. मालक पुढचं बघून जातो."

"आणि आईला?"

मुकादमिणीनं हातातली पट्टी खाली टाकली. ती उठली, खांबापाशी गेली, आईच्या खिळ्यावरचं निळं फडकं काढलं, झटकलं, घडी केली आणि टकळीच्या हातात दिलं.

"हे घरी ने. तुझ्या गाठी आता चांगल्या बसतात. खिळा तुझा."

बाकावर कुणीतरी टाळी वाजवली. म्हातारी म्हणाली, "झालं बाई, लागला खिळा!" टकळीची छाती अशी भरून आली की तिनं डबा उचललासुद्धा. आपला खिळा! मुंग्या नाहीत! हात वर गेला, डब्याची कडी खिळ्याला लागणार, तेवढ्यात तिच्या ध्यानात आलं की गेल्या कितीतरी वेळात तिला शाळा आठवली नव्हती. आज आठवली नव्हती. काल आठवली होती का? ते पण आठवेना.

"खिळा घेऊ नको."

आवाज कुणाचा ते आधी कळलंच नाही. मुकी काकू खाली मान घालून काडी तासत होती. तिचा स्वतःचा खिळा गंजून लाकडात अर्धा बुडाला होता. तिनं पुढचा खुंट घेतला, चीर दिली.

टकळीनं डबा खाली मातीत ठेवला.

संध्याकाळी काम सुटल्यावर टकळी मुकादमिणीपाशी गेली. या खेपेला कुणी पैज लावली नव्हती.

"मावशी, माझ्या जागी दुसरं माणूस दिलं तर चालेल?"

"कोण?"

"बांधणारं. माझ्यापेक्षा चांगलं. गाठ अशी, की दातानं सुटत नाही. पण ते माणूस पुरुष आहे."

मुकादमिणीच्या दातांतली पट्टी हलली.

"पहारवाला? तुझा बाप? माझ्या बाकावर?"

"हो."

"बायका त्याला उभा सोलतील."

"मलाही सोललं की. मला मुंग्या खाऊ घातल्या."

मुकादमिणीनं खांबाकडे पाहिलं. "बाकाला गाठीशी मतलब," ती म्हणाली. "आण सकाळी. पण माझ्या मते तो जेवणाच्या सुट्टीत पळेल."

"तेवढा वेळ तरी बसेल," टकळी म्हणाली. तिचा स्वतःचाच त्यावर फारसा भरवसा नव्हता.

घरी पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. आई चुलीत फुंकर घालत होती, बाबा उंबऱ्यावर. टकळीनं निळं फडकं आईच्या मांडीवर ठेवलं. आईनं ते डाव्या हातानं उचललं, घडी पाहिली, आणि तिला विचारण्यासारखं काही उरलं नाही. चुलीत धूर दाटला तरी तिनं फुंकर घातली नाही.

"किती गेली?" तिनं धुराकडे बघत विचारलं.

"अर्ध्याच्या वर."

"मला वाटलंच होतं."

बाबांनी दोघींकडे पाहिलं. "काय गेली? काय चाललंय?"

"आईच्या हाताची कलमं, बाबा. तिला पट्टी ओढता येत नाही. शेवटी शेवटी दातानं ओढत होती. आणि पुढंही ओढता येणार नाही."

बाबा उंबऱ्यावरून वळले. आईच्या फळी बांधलेल्या हाताकडे बघत राहिले, जणू तो त्यांना आजच दिसला.

"आई बाकावर परत जाणार नाही," टकळी म्हणाली. तिनं आवाज वाढवला. "मी पण नाही. शाळा उघडली की मी शाळेत जाणार, पहिल्या दिवशी, पहिल्या तासाला. मला आज खिळा देत होते. मी घेतला नाही. माझ्या जागी उद्यापासून बाबा जाणार. मी मावशीला सांगून आले आहे."

"मला न विचारता?" बाबा उठून उभे राहिले.

"विचारलं असतं तर विहिरीवर जाऊन बसला असता."

"अगं, बायकांच्या बाकावर! लोक तोंडात शेण घालतील."

"हसतील. पोट धरून हसतील. मलाही हसले." टकळीनं आपले दोन्ही हात पुढं केले. पेरांत चिरा, तर्जनीला चिंधी. "कायमचं जा म्हणत नाही मी. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बसा. जमलं तर मग हात सुजेपर्यंत बघा. त्याच्यापुढं जायचं की नाही ते दर सकाळी नव्यानं ठरवायचं, पळता येतं हे मात्र विसरायचं नाही."

आईनं डाव्या हातानं निळं फडकं बाबांच्या पुढं धरलं. "हात पुसायला लागतं तिथं," ती म्हणाली. बाबांनी ते घेतलं नाही, आणि दूरही सारलं नाही.

"आणि बाबा, डबा खाली ठेवायचा," टकळी म्हणाली. "झाकण घट्ट लावून, मुंग्या येतात. खिळ्याला अडकवायचा नाही. उद्यापासून नवे तुम्ही."